हिशेबाचा डोंगर

दुभाषी पोरीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. भाषांतराच्या ॲपनं हिंदीत लिहिलं होतं, 'लेखा पर्वत'. मला वाटलं, ॲप नेहमीसारखं घसरलं. आदल्याच दिवशी गोदामात 'शेड जुळत नाही' हे वाक्य त्यानं असं काही फिरवलं होतं की समोरचा माणूस छताकडं बघायला लागला, सावली कुठं पडत नाही ते. पण पोरगी हटेना. "ख्वाइजी, ख्वाइजी" म्हणत तिनं हवेतच कॅल्क्युलेटर बडवून दाखवला. ऑफिसात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला चिनीत ख्वाइजी म्हणतात. आणि आमची टॅक्सी ज्या डोंगराकडं निघाली होती त्याचं नावही ख्वाइजी. लिहिताना अक्षरात थोडा फरक, कानाला जवळपास तेच.

ॲप चुकलं नव्हतं. सिमा छ्येन नावाच्या इतिहासकारानं दोन हजार वर्षांपूर्वीच ही फोड लिहून ठेवलीय. पिवळ्या नदीचा महापूर आवरणारा पुराणातला यू राजा यांगत्झे नदीच्या दक्षिणेला आला, सगळ्या सरदारांना त्यानं एकत्र बोलावलं, कुणी काय काम केलं याचा हिशेब घेतला आणि हिशेब चालू असतानाच वारला. तिथंच त्याला पुरलं. म्हणून हा हिशेबाचा डोंगर. आणखी एका जुन्या ग्रंथात असं आहे की या बैठकीला फांगफंग नावाचा एक सरदार उशिरा पोचला, तर यूनं त्याचं मुंडकंच उडवलं. हे ऐकून मी घड्याळात बघितलं. नऊला निघायचं ठरलेलं, साडेदहा वाजले होते. उशीर माझ्यामुळंच झाला होता.

मीही हिशेबासाठीच आले होते. इचलकरंजीतल्या एका लहान गारमेंट युनिटसाठी कापड बघायचं काम माझ्याकडं आहे. इचलकरंजीकरानं चीनहून कापड आणायचं म्हणजे नरसोबाच्या वाडीला बाहेरून पेढे नेण्यातला प्रकार, हे मला गावातले यंत्रमागवाले तोंडावर ऐकवतात. ऐकून घेते. काही कापडं आपल्या मागावर निघत नाहीत, निघाली तर परवडत नाहीत, याला माझा इलाज नाही. शाओशिंग शहराचाच एक भाग असलेलं केछ्याओ हा जगातल्या सगळ्यात मोठ्या कापडबाजारांपैकी एक. मजल्यावर मजले, दुकानाला लागून दुकान, प्रत्येकात दोरीला लटकवलेले हातभर कापडाचे नमुने. 'माय फ्रेंड, माय फ्रेंड' करत बोलावणारे विक्रेते, त्यातल्या काहींना सुरतेच्या व्यापाऱ्यांकडून शिकलेलं हिंदी येतं आणि भाव पाडायला लागलं की ते नेमकं विसरतं. रात्री जेवायला दाल-खिचडी मिळते. परदेशात आल्यासारखं वाटतच नाही आणि दमायला मात्र परदेशात आल्यासारखं होतं.

आमच्या साठ ताक्यांच्या लॉटमध्ये शेड मारली होती. पहिल्या ताक्याचा निळा आणि शेवटच्या ताक्याचा निळा शेजारी शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या घरांतले वाटत. पुरवठादार म्हणाला, मालक सोमवारी येतील, मग बोलू. म्हणजे रविवार मोकळा. सगळे जण शाओशिंगच्या जुन्या गावात लेखक लू शुनचं घर बघायला जातात, तिथल्या कालव्यांतून काळ्या छपराच्या होड्या फिरवतात, कुजवलेल्या तोफूचा वास सहन करतात आणि परततात. दुभाषी पोरगी म्हणाली, "दीदी, तिकडं गर्दी. आम्हाला शाळेतून ता-यूच्या समाधीला नेलं होतं. तिकडं जाऊ." 'ता' म्हणजे थोरला. थोरला यू. आपल्याकडं थोरले महाराज म्हणतात तसं.

एप्रिल संपत आला होता. चिनी पंचांगात वर्षाचे चोवीस भाग असतात, त्यातला 'धान्याचा पाऊस' नावाचा भाग २० एप्रिलच्या सुमाराला लागतो, आणि त्या दिवशी इथं यूची मोठी सरकारी पूजा होते. ती दोनच दिवसांपूर्वी झालेली. दोन कामगार लाल गालिचा गुंडाळत होते. गालिचा ओला झाल्यामुळं जड झाला होता, दोघांना पेलवत नव्हता, आणि तिसरा माणूस बाजूला उभा राहून सूचना देत होता. गावची जत्रा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मांडव उतरवताना जे दिसतं तेच. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या उतरंडी, सुकलेली फुलं, आणि देव आता आपल्या मूळ कामाला लागलेला.

चीनची पहिली सार्वभौम गादी बसवणारा छिन शिह्वांग इ.स.पू. २१० मध्ये या डोंगरावर येऊन यूला नैवेद्य दाखवून गेला आणि परतीच्या वाटेवर मेला. पुढं खांगशी बादशहा १६८९ मध्ये आला, त्याचा नातू छ्येनलुंग १७५१ मध्ये. बादशहांना इथं यावंसं वाटायचं याचं कारण सोपं आहे. आपलं राज्य कायदेशीर आहे असं सांगायला पुराणातला एक पूर्वज लागतो. खुद्द या प्रदेशात फार पूर्वी राज्य करणारे युए घराण्याचे राजेही स्वतःला यूचे वंशज म्हणवत. पिवळ्या नदीच्या पुराची गोष्ट, आणि समाधी एवढी लांब दक्षिणेला कशी, या माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर बहुधा यात आहे. उरलेलं निम्मं आपल्याला ठाऊकच आहे. पांडव एका रात्रीत लेणी खोदून गेले नाहीत असा तालुका महाराष्ट्रात दाखवा. यूच्या जन्मावर तिकडं सिछ्वानमधली गावं हक्क सांगतात, मरण शाओशिंगनं घेतलं.

समाधी म्हणून जे आहे ते म्हणजे एक शिळा. वर छत्री, आत माणसाच्या दुप्पट उंच दगड, त्यावर मिंग काळातल्या एका अधिकाऱ्याच्या हातची तीन अक्षरं, 'थोरल्या यूची समाधी'. मागं झाडी, आणि लगेच डोंगर चढायला लागतो. ढिगारा नाही, घुमट नाही, दार नाही. मी शिळेला वळसा घालून मागं गेले. मागं काय, दगडाची पाठ. पोरगी हसली. म्हणाली, शाळेत असताना आम्हीही मागं जाऊन बघितलं होतं.

यूला साधंच पुरलं होतं, असं मोझी नावाचा जुना विचारवंत सांगतो. अंगावर तीन वस्त्रं, हलक्या लाकडाची तीन इंच जाडीची पेटी, बांधायला वेलीचे दोर. खड्डा खाली पाणी लागणार नाही इतपत. मोझी बडेजावाच्या अंत्यविधींवर चिडलेला माणूस होता, त्यामुळं त्याला यू असाच हवा होता हेही खरं. पण 'खाली पाणी लागणार नाही इतपत' हे मला पटलं. आयुष्यभर पाण्यात उभा राहिलेला माणूस एवढं तरी मागेलच.

गोष्ट चीनमधल्या प्रत्येक पोराला पाठ असते. फार मोठा पूर आला. पाणी डोंगरांना वेढून आकाशाला टेकलं. याओ राजानं गुन नावाच्या सरदाराला काम दिलं. गुननं बांध घातले. काही कथांत तर त्यानं देवाकडची आपोआप वाढणारी माती चोरून आणली आणि तिचे बांध केले. नऊ वर्षं तो अडवत राहिला, पाणी चढत राहिलं, बांध फुटले, आणि गुनला देहदंड झाला. मग तेच काम त्याच्या मुलाच्या गळ्यात पडलं. तो मुलगा यू. त्यानं बापाची चूक बघितली होती. त्यानं पाणी अडवलं नाही, वाट करून दिली. नद्यांचे गाळ काढले, डोंगर फोडले, चर खणले, पाणी समुद्राला नेऊन पोचवलं. तेरा वर्षं लागली. आणि या तेरा वर्षांत तो आपल्या घराच्या दारावरून तीनदा गेला, पण आत गेला नाही. हे 'तीनदा दारावरून, तरी आत नाही' तिकडं म्हणीसारखं वापरतात. ओव्हरटाइम करणाऱ्यांचं कौतुक करायलासुद्धा.

मी ऐकत होते आणि मला सारखी आमच्या गावच्या भिंतीवरची पाटी आठवत होती. 'पाणी अडवा, पाणी जिरवा.' निळ्या ऑइलपेंटमध्ये, खाली ग्रामपंचायतीचं नाव. म्हणजे आम्ही सगळे गुनचे चेले. अर्थात दुष्काळाचं शास्त्र वेगळं आणि पुराचं वेगळं, हे कळतं. पण शिरोळ तालुक्यातल्या माणसाला दोन्ही एकाच वर्षात लागतात.

आमचे आण्णा बंधाऱ्यावर होते. कोल्हापुरी बंधारा ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. नदीत ओळीनं दगडी खांब, खांबांना खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक सोडलेल्या फळ्या. त्यांना बरगे म्हणतात. पावसाळा संपला की बरगे घालायचे, मधल्या फटीत माती दाबायची, पाणी तुंबतं, ऊस जगतो. मृग तोंडावर आला की बरगे काढायचे, नदी मोकळी. बरगे काढायला उशीर झाला तर पहिल्याच लोंढ्यात अडकतात, मग बंधाऱ्याला ताण बसतो आणि काठ तुटतो. लवकर काढले तर शेतकरी शिव्या घालतात, कारण पाऊस लांबला की उभं पीक वाळतं. आण्णांची सगळी नोकरी या दोन शिव्यांच्या मधल्या पंधरा दिवसांत गेली. म्हणजे दिवाळीपासून जूनपर्यंत आण्णा गुन, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत यू. चिनी लोकांनी या दोघांची एवढी वाटणी का करून टाकली कळत नाही. बाप चुकला आणि मुलगा बरोबर, असं पाण्याच्या कामात कधी नसतं. तारीख चुकते.

मंदिर मोठं आहे. पहिलं इथं सहाव्या शतकात बांधलं, मग पडत-बांधत आलं. आताचा मुख्य मंडप १९३०च्या दशकातला, सिमेंट-काँक्रीटचा, पण नक्षी जुन्या लाकडी बांधणीची. जवळ जाऊन खांबाला हात लावेपर्यंत कळत नाही. छपराच्या मधल्या कण्यावर खांगशी बादशहाची चार अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ पोरीनं लावला तो असा, 'जमीन सपाट झाली, आकाशाचं काम पुरं झालं'. आत यू उभा. डोक्यावर मण्यांच्या झालरीचा मुकुट, हातात राजदंडासारखी पट्टी, चेहरा गोरापान आणि शांत. पाठीमागच्या पडद्यावर नऊ कुऱ्हाडी रंगवल्यात, त्यानं फोडून काढलेल्या नऊ नद्यांच्या वाटांची खूण म्हणून.

कुऱ्हाडी आवडल्या. राजा नाही आवडला. फार धुतलेला वाटला. जुनी पुस्तकं वेगळंच सांगतात. हातात फावडं घेऊन तो लोकांच्या पुढं चालायचा, मांड्यांवर मांस उरलं नव्हतं, पिंढऱ्यांवरचे केस पाण्यानं झडून गेले होते. शेवटी शेवटी त्याला नीट चालता येईना. एक पाय ओढत, लंगडत चालायचा. आणि गंमत बघा, ते लंगडणंच पुढं पवित्र झालं. ताओ पंथाचे पुजारी अजूनही पूजेत पाय ओढत ठरावीक पावलं टाकतात, त्यांना 'यूची पावलं' म्हणतात. माणसाच्या दुखण्याची पावली झाली.

पिंढऱ्यांवरचे केस झडले, हे मी सहज मान्य करते, कारण आण्णांच्या पिंढऱ्या तशाच होत्या. आषाढापासून गणपतीपर्यंत त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. कातडी पांढरी पडायची, भिजलेल्या पोह्यासारखी, मग फाटायची. रात्री आई मेंदी वाटून त्यात भरायची. सकाळी आण्णांचे पाय नवरीसारखे केशरी. त्यांना त्याची लाज वाटायची, म्हणून ते पावसाळ्यात चपलेतही मोजे घालून जायचे आणि बंधाऱ्यावर पोचताच काढून ठेवायचे. मुकुटातल्या या गोऱ्या माणसाच्या पायाकडं मी बघितलं. जोडे होते. आत काय आहे ते दिसत नव्हतं.

"गुनची मूर्ती कुठं आहे?" मी विचारलं.

पोरीनं दोनदा विचारून घेतलं की मला नक्की गुनच म्हणायचंय ना. मग ती तिकडच्या रखवालदाराला विचारून आली. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पंढरपुरात जाऊन वाळवंटात हरवलेल्या कुणा वारकऱ्याची समाधी विचारत होते. उत्तर मिळालं नाही. मला कुठं दिसलीही नाही. नऊ वर्षं त्यानंही पाण्यात काढली होती. त्याच्या पिंढऱ्यांचं कुणी लिहिलं नाही.

आवारात एका बाजूला छत्रीखाली एक ओबडधोबड दगड आहे, माणसाहून उंच, वरच्या बाजूला आरपार भोक. यूची पेटी खड्ड्यात सोडताना दोर या भोकातून ओवले होते, अशी समजूत. लू शुननं १९१७ मध्ये या दगडावर एक टिपण लिहिलं होतं. तो शाओशिंगचाच, त्याला जुन्या शिलालेखांचं वेड होतं. मी भोकात हात घालून बघितला. थंड, आणि कडा गुळगुळीत. दोरानं घासून की माझ्यासारख्यांच्या हातांनी, ते दगडच जाणे.

यू खरंच होऊन गेला का? १९२३ मध्ये कू च्येकांग नावाच्या तरुण अभ्यासकानं सरळ लिहून टाकलं की यू हा माणूसच नव्हे, भांड्यावर कोरलेला एखादा प्राणी असावा, कारण जुन्या शब्दकोशात या अक्षराचा अर्थ 'किडा' असा दिलाय. केवढा गहजब झाला असेल! आपल्याकडं कुणी थोरल्या महापुरुषाबद्दल असं लिहून बघावं. पुढं २००२ मध्ये सुमारे २,९०० वर्षांपूर्वीचं एक काशाचं भांडं उजेडात आलं, त्याच्या आतल्या लेखाची सुरुवातच यूनं डोंगर फोडून नद्यांना वाट दिली अशी आहे. म्हणजे गोष्ट तरी तेवढी जुनी. सरकारी पातळीवर झालेल्या एका कालगणनेनं यूच्या शिया घराण्याची सुरुवात इ.स.पू. २०७०च्या आसपास धरली.

आणि २०१६ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी पिवळ्या नदीच्या वरच्या अंगाला जिशी नावाच्या घळीत पुरावे मांडले. भूकंपानं दरड कोसळली, नदी अडली, मोठा तलाव झाला आणि तो फुटून इ.स.पू. १९२०च्या सुमारास प्रचंड लोंढा खाली गेला. बाकीच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले, वाद चालू आहे. त्यात मला पडायचं नाही. पण त्या घळीच्या खालच्या बाजूला लाच्या नावाचं गाव उकरलंय. त्याच भूकंपात घरं बसली आणि माणसं आत राहिली. एका घरात एक बाई गुडघ्यांवर बसलेली आहे, मूल छातीशी घेऊन, मान वर. तो फोटो मी हॉटेलवर येऊन बघितला. बघायला नको होता.

कारण मग मला २००५चा जुलै आठवला, आणि तो मी सहसा आठवू देत नाही.

नरसोबाच्या वाडीत कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढून देवळात शिरलं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं की त्याला दक्षिणद्वार म्हणतात. लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. पूर हा आमच्याकडं आधी सोहळा असतो, मग संकट. त्या साली सोहळा फार लवकर संपला. पाणी परसातून आलं. आधी न्हाणीच्या मोरीतून बुडबुडे, मग चुलीजवळ चकाकी, आणि मग बघता बघता घोट्याला. आईनं शाळूची पोती माळ्यावर चढवली. एक पोतं माझ्या हातून सुटून पाण्यात पडलं, त्यावरून ती मला त्या गडबडीतही बोलली. आम्ही शाळेत गेलो. वर्गात म्हशी आणि माणसं एकत्र.

दुसऱ्या दिवशी शेजारची काकू सांगत आली, "तुमचे हे तिकट्यावर जीपमध्ये दिसले." तिकटी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. जीप थांबली, आण्णांनी उतरून पुलाच्या खांबावरच्या पट्टीवर पाणी किती चढलंय ते वाचलं, वहीत लिहिलं, घराच्या दिशेनं बघितलं म्हणे, आणि जीप गेली. आई त्यावर काहीच बोलली नाही. पाचव्या दिवशी आण्णा आले तेव्हा म्हणाले, "गाडी साहेबांची होती. तासातासाला आकडा कळवायचा होता." आई म्हणाली, "असू दे." पुढं चौदा वर्षं, आण्णा असेपर्यंत, भाजीत मीठ जास्त झालं तरी तिकटी निघायची.

यू तीनदा गेला. आण्णा एकदाच.

यूची बायको थूशानची. लग्नानंतर चारच दिवसांत तो पाण्यावर निघून गेला. एका जुन्या ग्रंथात असं आहे की तिनं दासीला डोंगराच्या दक्षिण उतारावर त्याची वाट बघायला धाडलं आणि स्वतः एक गाणं रचलं, आणि दक्षिणेकडच्या सगळ्या गाण्यांची सुरुवात त्या गाण्यापासून झाली. गाणं चार अक्षरांचं. 'होउ रन शी यी.' पहिल्या दोन अक्षरांना अर्थ आहे, 'माणसाची वाट बघते'. पुढची दोन म्हणजे नुसते सूर, आपल्या ओवीतल्या 'गं बाई' सारखे. निम्मं गाणं वाट, निम्मं उसासा. मी पोरीला तीनदा म्हणायला लावलं. ती आधी लाजली, मग दगडी पायरीवर बसून हळू म्हणून दाखवलं. चाल तिची तिनंच लावली, मूळ चाल कुणाला ठाऊक असणार.

दुसरी एक कथा जास्त भयंकर आहे. यू डोंगर फोडण्यासाठी अस्वलाचं रूप घ्यायचा. ती भाकरी घेऊन गेली, तिनं अस्वल बघितलं, घाबरून पळाली आणि दगड झाली. पोटात मूल. यू मागून धावत आला आणि ओरडला, "माझा मुलगा दे!" दगड उकलला, मुलगा निघाला. त्याचं नाव ची, त्याचा अर्थच 'उघडणं'. पुढं हाच मुलगा गादीवर बसला. त्याच्याआधी याओनं शुनला आणि शुननं यूला, असं लायक माणूस बघून राज्य दिलं जायचं. यूनंतर मुलाला मिळालं आणि घराणेशाही सुरू झाली ती झालीच. पण माझ्या मनात अडकलंय ते वेगळंच. हाक मारताना त्यानं बायकोचं नाव घेतलं नाही, मुलगा मागितला.

ही सगळी गोष्ट दाराच्या बाहेरून सांगितलेली आहे. दारावरून कोण गेलं, किती वेळा गेलं, याचा हिशेब आहे. आतून कुणी दार किती वेळा उघडून बघितलं तो नाही.

परत येताना टॅक्सीवाल्यानं गप्पा काढल्या. मी भारतातून समाधी बघायला आले याचं त्याला अप्रूप. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या, पोरीनं भाषांतर केलं, आणि नंतर मी पडताळल्या. एक, सुमारे १४० साली मा चन नावाच्या अधिकाऱ्यानं या गावाशेजारी लांबच लांब बांध घालून मोठा तलाव केला. खालची भातशेती पुराबाहेर आली, पण तलावात बड्या लोकांची घरं आणि थडगी बुडाली. त्यांनी राजधानीत तक्रारी केल्या आणि मा चनला मरणाची शिक्षा झाली. आता त्याचं देऊळ आहे. धरणग्रस्तांच्या अर्जात केवढी ताकद होती बघा. दुसरी गोष्ट, १५३७ मध्ये समुद्राच्या तोंडाशी बांधलेल्या मोठ्या बंधाऱ्याला अठ्ठावीस दरवाजे होते आणि प्रत्येकाला एकेका नक्षत्राचं नाव. आण्णांना हे फार आवडलं असतं. त्यांच्या बंधाऱ्याच्या गाळ्यांना नुसते नंबर होते. 'आर्द्रा काढा, पुष्य राहू द्या' असं ओरडायला मिळालं असतं त्यांना.

रात्री आईला फोन लावला. तिला आधी कापडाचं काय झालं ते हवं होतं. सोमवारी बघू म्हटलं. मग तिनं जेवणाची चौकशी केली. मग मी तिला यूची गोष्ट सांगितली, सगळी, सलग, मेंदी आणि तिकटी वगळून. ती मध्ये हूं-हूं करत होती. पाठीमागं टीव्ही चालू होता, तो तिनं बंद केल्याचा आवाज आला. तीनदा दारावरून गेला तरी आत गेला नाही, हे सांगितल्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रोमिंग गेलं.

"आई?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "आणि त्या बाईच्या घरात पाणी शिरलं होतं का?"

मी म्हटलं, ते कुठं लिहिलेलं नाही.

"मग," ती म्हणाली, "तुझ्या त्या पोरीला विचारून सांग."